तीन मिनिटांच्या बाई

बाई उभ्यानं जेवायच्या. ताट डाव्या हातावर आणि पाय चालू. पहिला घास ओट्याशी, दुसरा अंगणात, तिसरा जिन्याच्या खालच्या पायरीवर, आणि पाणी प्यायला परत ओट्याशी. त्यांच्या वरच्या खोलीत राहायला गेले त्या आठवड्यात मी एकदा धीर करून म्हणाले, "बाई, बसा ना." त्या चालतच राहिल्या.

"एवढी वर्सं एका खुर्चीत बसली ना मी, का माह्या वाट्याचं सारं बसणं सरलं," त्या म्हणाल्या. "आता जे होईन ते उभ्यानं."

ती खुर्ची मेहकरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि गावातला प्रत्येक ट्रंक कॉल बाईंच्या हातून जायचा. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असे. तीन मिनिटं झाली की मध्येच बोलून सांगायचं, आणि पलीकडून 'वाढवा' आलं नाही तर लाइन काढायची. यंत्रं बदलली, बोर्ड गेला, बाई निवृत्त झाल्या, पण ती तीन मिनिटं त्यांच्या अंगातून गेली नाहीत. भाजीवाल्याशी घासाघीस ऐन रंगात आलेली असताना त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली," आणि कोथिंबीर न घेताच पुढे जायच्या. एकदा त्यांच्यासोबत एका घरी भेटायला गेले होते. त्या घरातले आजोबा वारले होते. सून रडत रडत शेवटचा दिवस सांगत होती, आणि बाई पदर सावरून उठल्या. "तीन मिनिटं झाली." मी जमिनीकडे बघत त्यांच्यामागून बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर त्या म्हणाल्या, "काऊन वं, मी काही चुकीचं बोलली काय?"

मला खोली मिळाली ती इंग्रजीमुळे. मी अकोल्याची, इंग्रजी माध्यमात शिकलेली, आणि मेहकरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. खोली बघायला गेले तेव्हा बाई स्टुलावर उभ्या राहून भिंतीला निळा रंग देत होत्या. हात पोचत होता तिथवर भिंत निळी झाली होती. ती पुढेही तेवढीच निळी राहिली.

"इंग्रजी येते?"

"हो."

"निस्ती लिवलेली समजते, का बोललेली बी?"

"दोन्ही."

"मंग ये राह्यले."

त्या घरात सगळंच असं होतं. एका बाहीचा स्वेटर. अर्धा उसवलेला सोफा. जिन्याला कठडा, पण मधल्या वळणापर्यंतच. बाई सकाळी स्कूटी काढून लोणारला निघायच्या आणि अर्ध्या रस्त्यातून परत यायच्या, कारण वाटेत त्यांना दुसरंच काही सुचलेलं असायचं. गल्लीत त्यांना 'बह्याड', म्हणजे वेडी, म्हणत. समोरच्या लताकाकू हा शब्द मायेनं वापरायच्या, बाकीचे नुसताच.

माझं आणि बाईंचं जमलं, याचं घरी सगळ्यांना नवल वाटायचं. मी चार माणसांत बोलत नाही. बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो. बाईंना कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकायची सवयच नव्हती. त्यामुळे कुणाचंच काही अडलं नाही.

बीअरचं त्यांनी मला सांगितलं ते पावसाळ्यात, गच्चीवर वाळवण आत घेताना.

फार वर्षांपूर्वी लोणारच्या सरोवरावर कुणी एक गोरा माणूस अभ्यासाला आला होता. बाजाराच्या दिवशी तो मेहकरला यायचा आणि एक्स्चेंजमधून आपल्या बापाला फोन लावायचा. खरखर, आरडाओरडा, मध्येच लाइन जायची. बाईंना इंग्रजी जेमतेम येत होतं, पण कान लावायची सवय होती. तो माणूस बापाला तब्येत विचारायचा नाही, आईचं विचारायचा नाही. पहिलंच वाक्य, 'झाली का?' बाप घरी गव्हाची बीअर करत होता. पहिल्यांदाच. मोड आलेत, वाळवलेत, उकळलीय, जारमध्ये आहे, असं दर आठवड्याला थोडं थोडं पुढे सरकायचं. बाप पलीकडून सांगायचा की तिला हात लावू नये, तिची ती होऊ द्यावी.

"अन् एक दिवस त्यानं विचारलं, झाली का? बाप म्हने, आज खोलली. गोरा म्हने, मंग कशी झाली?" बाई वाळवणाची परात घेऊन तशाच उभ्या होत्या. "अन् तीन मिनिटं झाली. मी सांगितलं. तो काही बोललाच न्हाई, आयकतच राह्यला असन. मी लाइन काढली."

"मग?"

"मंग काय? तो पुन्हा आला न्हाई. गेला असन त्याच्या देशात." परात माझ्या हातात देऊन त्या जिन्याकडे निघाल्या. "हजारो मानसं बोलली माह्या कानात. कोनाचंच शेवटावरी आयकलं न्हाई. पन ते एक डोक्यात फिरते अजून. कशी झाली असन वं ती?"

त्यांनी हे तेव्हाच का काढलं, ते पुढच्या आठवड्यात त्यांच्या भावाच्या फोनचं कळलं तेव्हा उलगडलं. त्याआधी, श्रावणात, बाईंनी गॅसवर गुळाचा पाक ठेवला होता, आणि काहीतरी आठवून त्या स्कूटीवर चिखलीच्या रस्त्याला लागल्या होत्या. मी शाळेत होते. लताकाकूंनी धूर बघून मागची भिंत ओलांडली आणि गॅस बंद केला. खिडकीचा पडदा जळला होता, भिंत काळी पडली होती. ही बातमी पुण्याला त्यांच्या भावापर्यंत गेली. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, नवरात्रात गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, आता एकटं राहणं बास. भाऊ वाईट नव्हते. मी त्यांच्या जागी असते तर मलाही झोप लागली नसती. पण बाई भावाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकदा राहून आल्या होत्या.

"तथी लिफ्ट उभी राह्यते अन् मानसं दिवसभर बसून राह्यतात," त्या म्हणाल्या. "जा लागलं तर जाईन. पन एक तरी गोष्ट शेवटाले नेऊन जाईन."

तेव्हा त्यांनी माझं इंग्रजी वापरायला काढलं. मोबाइलवर मी गव्हाच्या बीअरची कृती वाचायची, बाई येरझाऱ्या घालत ऐकायच्या. घरी असं काही करायला परवाना लागतो, हेही मी वाचून दाखवलं. "मी काय दुकान मांडून राह्यली?" एवढंच त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही, पण मी गप्प बसले. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या हिरव्या गोळ्यांचं पाकीट आणि यीस्ट कुरिअरनं माझ्या नावावर आलं, तेव्हा सही करताना माझे कान तापले होते.

गहू साखरखेर्ड्याच्या चुलत भाच्याच्या शेतातला. दुकानातलं बियाणं त्यांनी हातात धरून परत केलं, त्याला दवाई लावलेली असते म्हणून. गहू रात्रभर भिजवला आणि मधल्या खोलीत, जिथे ऊन येत नाही तिथे, ओल्या गोणपाटावर पसरून वरून ओलं धोतर टाकलं. मुळं एकमेकांत गुंतू नयेत म्हणून त्यात सारखा हात फिरवावा लागतो. हे काम बाईंसाठीच निघालं असावं. येता जाता त्या वाकायच्या, हात फिरवायच्या, पुढे जायच्या. खोलीभर काकडी कापल्यासारखा वास पसरला होता.

नवरात्र सुरू झालेलं होतं, हे आम्हा दोघींच्या लक्षातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई स्कूटीवर कुठेतरी गेल्या होत्या. लताकाकू विरजण मागायला आल्या, आत डोकावल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. अंधाऱ्या खोलीत ओल्या वस्त्राखाली धान उगवत होतं. बाईंच्या आई होत्या तोवर त्याच खोलीत घट बसायचा. त्या गेल्यावर बंद पडला होता. लताकाकूंनी डोळे पुसले, मला म्हणाल्या, "पोरी, बाईनं बसवला वं शेवटी!" आणि मी मनात वाक्य जुळवेपर्यंत त्या घरी जाऊन परतही आल्या. त्यांनी मातीचं मडकं आणलं, काळी माती आणली, गव्हाच्या कडेनं पसरली, मधोमध पाण्याचा घट मांडला. वर झेंडूची माळ बांधली. शेजारी तेलाचा दिवा लावला.

बाई परत आल्या, चप्पल काढली, हात फिरवायला खोलीत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"माह्या गव्हाले हे काय झालं?"

"घट बसलाय," मी म्हणाले.

"मंग आता?"

लताकाकूंनी सांगितलं की दिवा विझू द्यायचा नाही, धानाला हात लावायचा नाही, रोज एक माळ चढवायची. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. लताकाकूंचे डोळे अजून ओले होते. त्यांना काही सांगायचं धाडस त्या दिवशी आम्हा दोघींनाही झालं नाही.

तिसऱ्या माळेला भाऊ आले. गाडी दारात लावून ते आत आले, घट बघितला आणि हात जोडले. त्यांनी रुमालानं डोळे टिपले. "ताई, आईनंतर पहिल्यांदाच गं."

बाईंना दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी आपल्या नावावर घेणं जमलं नसावं.

"घट न्हाई तो बाप्पा," त्या म्हणाल्या. "बीअरचा गहू हाये. मोड आनून राह्यली मी."

लताकाकू माळ ओवत होत्या. त्यांची सुई थांबली. "असं काय बोलतं वं देवीसमोर!"

भाऊ खोलीबाहेर आले. मग मला जिन्याशी बोलावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही इथं राहता म्हणून विचारतो. ती असं नेहमी बोलते का? कधीपासून?" त्यांचा हात खिशातल्या मोबाइलवर होता. "पुण्याला माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. आजच निघालो तर उद्या दाखवता येईल."

बाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात जेवणाचं ताट होतं आणि त्या चालत नव्हत्या. ताट हातात असताना मी त्यांना तशा स्थिर उभ्या असलेल्या कधी पाहिलं नव्हतं. मी वाक्य जुळवायला घेतलं. मग लक्षात आलं, यावेळी ते जुळेपर्यंत गाडी निघून गेलेली असेल.

"त्या खरं सांगताहेत," मी म्हणाले. "तो बीअरचाच गहू आहे. कृती मी वाचून दाखवली. गोळ्या माझ्या नावावर मागवल्या."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. गल्लीत कुणीतरी वळून पाहिलं.

"म्हंजे दारू?" आतून लताकाकूंनी विचारलं.

"दारू न्हाई वं," बाई म्हणाल्या. "गव्हाची आंबील समज. थोडी चढते."

"मंग आंबीलच म्हन नं! देवीले आंबील चालते." त्या पुन्हा सुई ओवायला लागल्या, पण दोरा सुईत जाईना. भाऊ आत येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"काकू, तुम्हीच सांगा. हा घट आहे की नाही?"

लताकाकूंनी माळ मांडीवर ठेवली. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं, बाईंकडे जरा रागानंच पाहिलं.

"कोन कायच्यासाठी पेरलं, ते तिचं ती जानो," त्या म्हणाल्या. "दिवा मी लावला. माळ चढली. घट बसला तर बसला. आता दसऱ्याशिवाय उठवता येत न्हाई. अन् घट बसलेल्या घराले कुलूप लावत न्हाईत, भाऊ. तुमच्या आईनं लावलं होतं का कधी?"

भाऊंनी घटाकडे पाहिलं. मग ते सोफ्याच्या न उसवलेल्या अर्ध्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता म्हणाले, "ताई, तू खरंच बीअर करतेयस?"

"हाव."

"पूर्ण करशील?"

बाई दिव्यात तेल घालायला वळल्या. भाऊ चहा घेऊन एकटेच गेले. जाताना गाडीच्या खिडकीतून म्हणाले, "भाऊबीजेला येतो. तेव्हा मात्र चल." ते त्यांनी मलाही ऐकू जाईल असं म्हटलं.

उरलेले दिवस स्कूटी अंगणात उभी राहिली. मी शाळेत असताना दिव्यापाशी बाईंशिवाय कोण असणार? त्या बसत नव्हत्याच, पण खोलीच्या बाहेरही जाऊ शकत नव्हत्या. घटाभोवती फिरायच्या, तेल घालायच्या, गव्हाकडे हात न्यायच्या आणि मागे घ्यायच्या. "हात लावू नोको म्हने," त्या स्वतःशीच पुटपुटायच्या. "तो बाप बी हेच सांगे." धान डोळ्यांदेखत वाढत होतं. आधी पांढरे कोंब, मग पिवळे, मग वीतभर. बीअरच्या दृष्टीनं ते केव्हाच वाया गेलं होतं.

दसऱ्याला घट उठला. बाईंनी कोवळे तुरे लताकाकूंच्या अंबाड्यात खोवले, माझ्या वेणीत खोवले, उरलेले गल्लीत वाटले. "पहिला घाना देवीचा," त्या म्हणाल्या. "दुसरा माहा." आणि त्याच दिवशी दुसरा गहू भिजत घातला.

यावेळी धान लताकाकूंच्या नजरेखालीच उगवलं. गव्हानं टोक काढलं न काढलं तोच बाईंनी तो गच्चीवर उन्हात वाळवला, मुळं चोळून पाखडला आणि जात्यावर भरडला. ज्या दिवशी तो गरम पाण्यात घालायचा होता, त्या दिवशी पाणी किती गरम ते मोजायला त्यांनी ताप बघायचं थर्मामीटर बुडवलं. त्यानं एकदा आवाज केला आणि कायमचं गप्प झालं.

"एवढा ताप अन् पातेलं जितं हाये बाप्पा!" बाई म्हणाल्या. मग मी शाळेच्या प्रयोगशाळेतून विचारून एक थर्मामीटर आणलं.

खरी परीक्षा गाळण्याची होती. गव्हाला टरफल नसतं, त्याचा चिखल होतो आणि पाणी खाली उतरत नाही. कृतीत लिहिलं होतं तसं मी वाचलं, आणि बाईंनी भाच्याकडून आणलेलं गव्हाचं काड उकळून तोटीच्या भांड्याच्या तळाशी अंथरलं. त्यावर भरडा ओतला. खालच्या तोटीतून थेंब यायला लागला. एक. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. घाई केली, ढवळलं, की काड दबून सगळं बंद पडणार होतं. बाई दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. स्कूटीची किल्ली त्यांनी स्वतःच माझ्या पर्समध्ये टाकली. "मागितली तरी देऊ नोको." संध्याकाळपर्यंत गोड, मातकट, उसाच्या रसासारखं पाणी खाली जमलं होतं. मग उकळी, कडू गोळ्या, आणि पातेलं निवेपर्यंत गॅसपाशी पहारा. त्या दिवशी बाई गॅसपासून हलल्या नाहीत. काळी पडलेली भिंत त्यांच्या पाठीमागे होती.

पिण्याच्या पाण्याच्या जारमध्ये ते ओतलं, यीस्ट टाकलं, आतला वायू निघून जावा म्हणून झाकणातून सलाइनची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बाई जारला कान लावून उभ्या होत्या. आतून गुडगुड ऐकू येत होती. त्यांनी मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

"लाइन लागली," त्या कुजबुजल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला गेले, तेव्हा बीअर कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलेली होती. बाटली दाबून दगडासारखी कडक लागली की झाली, असं मी वाचून दाखवलं होतं. बाई दिवसभर बाटल्या दाबत असणार, हे मला अकोल्यात बसून दिसत होतं. आई करंज्या तळत होती, पाहुणे येत होते, मला बोलतं करायचा प्रयत्न करत होते, आणि माझं लक्ष मेहकरच्या त्या मधल्या खोलीत होतं. भाऊबीजेच्या दुपारी मी गच्चीवर जाऊन फोन लावला.

"बाई, झाली का?"

बाई म्हणाल्या, "पाह्य बाप्पा. त्या गोऱ्यावानीच विचारलं तू. थांब, ठेवू नोको. आता खोलून राह्यली."

मग भाऊंचा आवाज आला, "ताई, बॅग भरली का? उजेडात निघू." त्यावर बाटलीच्या झाकणाची लांब फुस्स. स्टीलच्या पेल्यात काहीतरी पडल्याचा आवाज.

"हे पे आधी."

मी मोबाइल कानाला इतका दाबला होता की कान दुखत होता.

"कडू आहे गं," भाऊ म्हणाले. मग, "थांब, थांब." मग आणखी एक घोट, आणि पुण्यात इतकी वर्षं राहिलेले भाऊ एकदम म्हणाले, "अन् मांगून हे काय लागून राह्यलं वं? वत अजून."

"कुठं निघायचं म्हनत होता तू?" बाईंचा आवाज. "परवाच दुसरा जार लावला मी. रोज पाहा लागते त्याच्याकडे. घराले कुलूप कसं लावू?"

"किती दिवस लागतील त्याला?"

"लय."

"आणि गॅस?"

"गॅसपाशी उभी राह्यते मी. ह्या लतेले विचार."

"हाव, राह्यते," लताकाकूंचा आवाज आला. म्हणजे त्याही तिथेच होत्या. "मीबी पाह्यते."

भाऊ काहीतरी म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं नाही. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग स्पष्ट ऐकू आलं, "बरं. बॅग राहू दे. संक्रांतीला येतो, या जारचं काय झालं बघायला."

"बाई," मी जवळजवळ ओरडले, "तुम्ही प्यायलात का? कशी झाली?"

"मी?" बाई म्हणाल्या. पेला उचलल्याचा आवाज आला. फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. एक घोट गेल्याचाही आला असावा, किंवा तो मला ऐकायचाच होता.

"पोरी," त्या म्हणाल्या.

"हां?"

"तीन मिनिटं झाली."

आणि फोन बंद.

मी परत लावला. एंगेज. परत लावला, तरी एंगेज. त्या नक्कीच भाच्याला साखरखेर्ड्याला आणखी गहू सांगत असणार. मी खाली आले. सुट्टीचे दिवस बाकी होते, आणि मी बॅगेत कपडे भरायला लागले, तशी आई डबा घेऊन दारात आली.

"कुठं चाललीस?"

"मेहकरला."

"आता? कशाला?"

मी वाक्य जुळवायला थांबले नाही.

"बीअर कशी झाली ते विचारायला," मी म्हणाले, आणि एसटीची वेळ बघायला लागले.